फोबोस-ग्रुंट कशामुळे बुडालं, आणि त्याचे धक्के चांद्रयानापर्यंत कसे पोचले

चांद्रयान-2 बरोबर जाणारं लँडर मुळात रशिया देणार होता, हे आता फारसं कुणाच्या लक्षात नाही. 2007 साली इस्रो आणि रशियाची अंतराळसंस्था रॉसकॉसमॉस यांच्यात तसा करार झाला होता. चंद्राभोवती फिरणारं यान आणि रोव्हर आपलं, खाली उतरवणारं लँडर त्यांचं. ते लँडर कधी आलंच नाही. का आलं नाही हे शोधायला गेलं की चंद्र बाजूलाच राहतो आणि आपण जाऊन पोचतो मंगळाकडे निघालेल्या एका रशियन यानापाशी. त्या यानाचं नाव फोबोस-ग्रुंट. मंगळ तर सोडाच, त्याला पृथ्वीचा उंबरठाही ओलांडता आला नाही.

फोबोस हा मंगळाच्या दोन चंद्रांपैकी मोठा. मोठा म्हणजे किती, तर सरासरी बावीसेक किलोमीटर व्यासाचा, वेडावाकडा, खड्ड्यांनी भरलेला दगड. मंगळाच्या पृष्ठभागापासून तो जेमतेम 6,000 किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि पावणेआठ तासांच्या आत एक फेरी पुरी करतो. हा कुठून तरी भटकत आलेला लघुग्रह मंगळाने पकडून ठेवलाय, की मंगळावर कधीकाळी झालेल्या एखाद्या मोठ्या टकरीतून उडालेल्या मालमसाल्यातून तो तयार झालाय, हे अजून ठरलेलं नाही. ठरवायचं तर तिथली माती प्रयोगशाळेत हवी. फोबोस-ग्रुंटने तीच आणायची होती: फोबोसवर उतरायचं, सुमारे 200 ग्रॅम माती एका छोट्या कुपीत भरायची आणि ऑगस्ट 2014 मध्ये ती कझाकस्तानच्या माळावर टाकायची. जाऊन परत येणारी मंगळाची वारी तोवर कुणीही केली नव्हती.

मॉस्कोजवळच्या खिम्की शहरातल्या लावोच्किन कंपनीने यान बांधलं. वजन 13 टनांच्या वर, त्यातलं साधारण 11 टन नुसतं इंधन. सोबत पाहुणेही होते. चीनचं पहिलंवहिलं मंगळयान यिंगहुओ-1, वजन 115 किलो, याच यानाच्या आत बसून निघालं होतं. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाने माती दळण्याचं एक उपकरण दिलं होतं. अमेरिकेतल्या प्लॅनेटरी सोसायटीने एका डबीत जिवाणू, बिया आणि टार्डिग्रेड नावाचे सूक्ष्म, चिवट जीव पाठवले होते. तीन वर्षांच्या प्रवासात ते तगतात का, एवढंच पाहायचं होतं.

8 नोव्हेंबर 2011 रोजी (आपल्याकडे 9 तारीख लागून पावणेदोन तास झाले होते) बैकोनूरच्या प्रक्षेपणतळावरून युक्रेनमध्ये बांधलेलं झेनित रॉकेट सुटलं. त्याने आपलं काम चोख केलं आणि यान 207 बाय 347 किलोमीटरच्या कक्षेत सोडलं. सौरपंख उघडले. यानाने सूर्याकडे तोंड केलं. पहिल्या फेरीत सगळं आलबेल होतं.

आता यापुढचं नीट समजून घ्यावं लागेल, कारण घोडं इथेच अडलं.

मंगळाकडे जाणारं यान बहुतेक वेळा आधी पृथ्वीभोवती एका तात्पुरत्या कक्षेत थांबतं. योग्य जागी आलं की इंजिन पेटवून पृथ्वीच्या ओढीतून सुटायचं. फोबोस-ग्रुंटसाठी असे दोन धक्के ठरले होते. पहिला प्रक्षेपणानंतर सुमारे अडीच तासांनी, दुसरा त्यानंतर दोनेक तासांनी. एरवी हे काम रॉकेटचा सर्वांत वरचा टप्पा करतो. त्याचा स्वतःचा संगणक असतो आणि तो आधीच्या उड्डाणांत तावूनसुलाखून निघालेला असतो. रशियाकडे फ्रेगात नावाचा असा भरवशाचा टप्पा होताही. फोबोस-ग्रुंटमध्ये मात्र फ्रेगातचं इंजिन आणि टाक्या घेतल्या, आणि त्याची स्वतःची नियंत्रणयंत्रणा काढून टाकली. इंजिन पेटवण्याची जबाबदारी यानाच्या नव्या कोऱ्या संगणकावर आली. म्हणजे पूर्वी कधी अंतराळात न गेलेल्या संगणकाला त्याचं सर्वांत अवघड काम अगदी पहिल्याच दिवशी, पहिल्या काही तासांत करायचं होतं. माझ्या मते यानाचं नशीब त्या दिवशी ठरलं नाही. ते हा बदल कागदावर मंजूर झाला तेव्हाच अर्धं ठरलं होतं.

आणि हे धक्के बसणार होते दक्षिण अमेरिकेच्या बाजूला, रशियाच्या जमिनीवरच्या केंद्रांना यान दिसत नसताना. ब्राझीलमधल्या हौशी आकाशनिरीक्षकांना 'वर काही चमकतंय का पाहा' अशी विनंती केली गेली होती. अब्जावधी रुबलची मोहीम, आणि तिच्या सर्वांत नाजूक क्षणाचे साक्षीदार कोण, तर गच्चीवर दुर्बीण घेऊन बसलेले हौशी लोक!

कुणालाच काही चमकलेलं दिसलं नाही. पुढच्या फेरीत रशियावरून जाताना यान ठरलेल्या नव्या कक्षेत नव्हतं. शोधल्यावर ते जुन्याच कक्षेत सापडलं, टाक्या भरलेल्या, इंजिन न पेटलेलं.

असं आंधळेपणाने इंजिन पेटवणं रशियाला नवं नव्हतं, आणि हीच गोष्ट मला या सगळ्यात जास्त खुपते. सोव्हिएत काळात अशा जागी जहाजं उभी असायची. 'कॉस्मोनॉट युरी गागारिन' हे त्यातलं सर्वांत मोठं: 230 मीटरांहून लांब, डेकवर भल्यामोठ्या तबकड्या. यान दक्षिण अटलांटिकवरून जाताना त्याच्याशी बोलायचं, इतकंच त्याचं काम. सोव्हिएत संघ मोडला, जहाज युक्रेनच्या वाट्याला आलं, चालवायला पैसा उरला नाही. 1996 मध्ये ते भंगारात निघालं आणि तोडायला आलं आपल्याकडेच, गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर. शेवटच्या प्रवासासाठी 'गागारिन'मधली काही अक्षरं रंगाने झाकून नाव 'अगार' केलं होतं.

त्याच 1996 च्या नोव्हेंबरात रशियाचं मार्स-96 यान निघालं. त्याचाही निर्णायक धक्का केंद्रांच्या नजरेबाहेर होता आणि तिथे पाहायला जहाज नव्हतं. तो धक्का फसला आणि यान पृथ्वीवर कोसळलं. चौकशी झाली, पण त्या मिनिटांची नोंदच नसल्याने नेमकं काय बिघडलं हे ठरवता आलं नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पंधरा वर्षांनी ठेच त्याच दगडाची आणि पायही तोच.

तर फोबोस-ग्रुंट वर फिरत होतं. त्याच्या संगणकाने अडचण आल्यावर यानं करतात तेच केलं होतं, म्हणजे तो सेफ मोडमध्ये गेला होता. सेफ मोड म्हणजे अनावश्यक कामं बंद, सौरपंख सूर्याकडे, आणि जमिनीवरून आज्ञा येईपर्यंत गप्प वाट पाहणं. ही चांगली सोय आहे. अनेक मोहिमा तिच्यामुळे वाचल्यात. पण ती चालते ती एका गृहीतकावर, की जमिनीवरून आज्ञा पोचेल.

इथे ती पोचत नव्हती. यानाची मुख्य रेडिओयंत्रणा लांबच्या प्रवासासाठी बनवलेली होती आणि पृथ्वी सोडल्यावरच ती रीतसर कामाला लागायची होती. तात्पुरत्या कक्षेत असताना आज्ञा घेण्याची भरवशाची सोयच केलेली नव्हती. परगावी निघालेल्या माणसाने फोन बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवावा, 'गाव सोडलं की काढीन' म्हणावं, आणि एसटी स्टँडवरच पाकीट मारलं जावं, तसा प्रकार झाला. काही चुकलं तर ते पृथ्वी सोडल्यानंतरच चुकेल, असं जणू आखणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं.

दुसरी अडचण भूमितीची. लांबच्या यानांशी बोलणाऱ्या तबकड्या आकाशात हळूहळू सरकणाऱ्या लक्ष्यासाठी केलेल्या असतात. त्यांचा झोत अगदी अरुंद असतो. फोबोस-ग्रुंट मात्र क्षितिजावरून वर येऊन काही मिनिटांतच पलीकडे मावळत होतं. शिवाय त्याचा रेडिओ कोट्यवधी किलोमीटरवरून येणारी क्षीण हाक ऐकायला बनवलेला, आणि इथे हाक येणार होती काहीशे किलोमीटरवरून.

ही गाठ थोडीशी सोडवली ती युरोपीय अंतराळसंस्थेच्या ऑस्ट्रेलियातल्या पर्थ केंद्राने. तिथल्या 15 मीटरच्या मोठ्या तबकडीच्या कडेला अभियंत्यांनी एक छोटा, नरसाळ्यासारखा अँटेना बसवला. त्यामुळे झोत रुंद झाला, म्हणजे यान नेमकं कुठे आहे हे किलोमीटरभर इकडेतिकडे चुकलं तरी चालणार होतं. ताकदही मुद्दाम कमी ठेवली. त्यात पर्थवरून जाताना यानावर ऊन असायचं, म्हणजे सौरपंखांतून वीज मिळत असणार. 22 नोव्हेंबरला पर्थहून 'ट्रान्समीटर चालू कर' ही आज्ञा गेली आणि दोन आठवड्यांनी यानाने पहिल्यांदा आवाज दिला. दुसऱ्या दिवशी थोडी टेलिमेट्रीही, म्हणजे यानाच्या प्रकृतीचे आकडेही, हाती आली. मग पुन्हा शांतता. आणखी बरेच प्रयत्न झाले, पण डिसेंबरच्या सुरुवातीला युरोपीय संस्थेने ते थांबवले. मंगळाकडे जाण्याचा मुहूर्तही तोवर टळून गेला होता, आणि तो 26 महिन्यांतून एकदाच येतो. त्याच मुहूर्तावर, 26 नोव्हेंबरला, नासाचं क्युरिऑसिटी निघालं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये मंगळावर सुखरूप उतरलं.

आता प्रश्न होता 11 टन विषारी इंधनाचा. इतक्या खालच्या कक्षेत विरळ का होईना, हवा असते. तिच्या घर्षणाने यान हळूहळू खाली येतं. 'कधी पडणार, कुठे पडणार' याच्या बातम्या तेव्हा आपल्याकडच्या वाहिन्यांनीही यथेच्छ चालवल्या. शास्त्रज्ञ नेमकी जागा सांगत नाहीत म्हणजे काहीतरी लपवतायत, असंही लोक बोलत. खरं कारण साधं आहे. सूर्याच्या लहरीप्रमाणे वरचं वातावरण फुगतं आणि आकसतं, त्यामुळे घर्षण कमीजास्त होतं आणि पडण्याची वेळ काही तासांनी इकडेतिकडे होते. यान सेकंदाला पावणेआठ किलोमीटरहून जास्त वेगाने जात असतं. वेळ नुसती दहा मिनिटांनी चुकली तरी जागा साडेचार हजार किलोमीटरांनी चुकते. इंधनाची भीती मात्र फारशी खरी नव्हती. टाक्या अॅल्युमिनियमच्या होत्या. हा धातू तुलनेने कमी तापमानाला वितळतो, म्हणजे टाक्या उंचावरच फुटून इंधन जळून जाणार होतं. 15 जानेवारी 2012 रोजी यान वातावरणात शिरलं. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार अवशेष चिलीच्या वेलिंग्टन बेटाच्या पश्चिमेला 1,250 किलोमीटरवर, प्रशांत महासागरात पडले. त्यांच्याबरोबर यिंगहुओ आणि टार्डिग्रेडही गेले.

मग सुरू झाला दोष कुणाचा याचा खेळ.

रशियासाठी 2011 हे वर्षच वाईट गेलं होतं. फेब्रुवारीत जिओ-आयके-2 हा उपग्रह चुकीच्या कक्षेत गेला. ऑगस्टमध्ये आठवड्याभराच्या आत एक्सप्रेस-एएम4 हा दळणवळण उपग्रह आणि अंतराळस्थानकाकडे सामान नेणारं प्रोग्रेस यान, दोन्ही हातचे गेले. डिसेंबरात मेरिडियन उपग्रह गेला. राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांनी दोषींवर दंड, शिस्तभंग, वेळ पडली तर फौजदारीही, असं जाहीरपणे सांगितलं. जानेवारीत रॉसकॉसमॉसचे प्रमुख व्लादिमिर पोपोव्किन यांनी एका मुलाखतीत सूचक शंका काढली: आमची यानं आम्हाला न दिसणाऱ्या भागातच का बरं बिघडतात? रोख परकी हातावर होता. मग अमेरिकेच्या रडारने यान बिघडवलं, अशी आवई उठली. खरं तर त्यांच्या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच होतं. नाजूक कामं न दिसणाऱ्या भागात ठेवली की बिघाडही तिथेच होणार.

चौकशी आयोगाचे प्रमुख होते युरी कोप्तेव, रॉसकॉसमॉसचेच माजी प्रमुख. आयोगाने रडारची कल्पना तपासून फेटाळली, हे त्यांच्या पदरी टाकायला हवं. फेब्रुवारी 2012 च्या सुरुवातीला निष्कर्ष आला. यानाच्या संगणकाचे दोन जोडसंच होते, एक बिघडला तर दुसरा काम करेल अशा हिशेबाने. हे दोन्ही संच एकाच वेळी रीस्टार्ट झाले. त्याचं सर्वाधिक संभाव्य कारण म्हणजे अंतराळातले जड विद्युतभारित कण मेमरी चिपवर आदळणं. चिप परदेशी होत्या आणि अंतराळासाठी बनवलेल्या नव्हत्या.

कण चिपवर आदळला की काय होतं? मेमरीचा एकेक कप्पा म्हणजे अगदी थोडासा विद्युतभार. जड कण त्यातून आरपार गेला की वाटेत भार सांडत जातो, आणि 0 चा 1 होतो. ही चूक बहुधा सुधारता येते. याहून वाईट प्रकार असा की, चिपच्या आत नको तिथे वीज वाहायला लागते आणि पुरवठा तोडून पुन्हा जोडेपर्यंत थांबत नाही. म्हणून अंतराळासाठी वेगळ्या घडणीच्या, खूप महाग आणि बाजारातल्या चिपपेक्षा काही पिढ्या जुन्या चिप वापरतात. इथवर आयोगाचं म्हणणं शास्त्राला धरून आहे.

पण अनेक जाणकारांना ते पटलं नाही, आणि मलाही पटत नाही. यान तेव्हा दोन-अडीचशे किलोमीटर उंचीवर होतं, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडोशाला. असल्या कणांपासून यानाला जिथे बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, ती ही जागा. तिथे पहिल्या दोन-अडीच तासांत नेमक्या दोन्ही संचांवर एकाच वेळी मारा व्हावा, हा योगायोग फारच सोयीचा आहे. बरं, असंच झालं असं मानू. मग ज्या संगणकाला पृथ्वीच्या कुशीत तीन तास निभावले नाहीत, तो उघड्या अंतराळात तीन वर्षं कसा टिकणार होता? दोन्ही संच एकदम कोलमडतात तेव्हा दोघांतही असलेल्या एकाच चुकीचा, म्हणजे प्रोग्रॅममधल्या किंवा जुळणीतल्या दोषाचा, संशय आधी घ्यावा लागतो. तो दोष जमिनीवरच्या चाचण्यांत सापडतो, त्या पुरेशा केल्या असतील तर. हे यान 2009 मध्येच जायचं होतं. तयारी नाही म्हणून दोन वर्षं पुढे ढकललेलं. चाचण्या अपुऱ्या पडल्याची कबुली देण्यापेक्षा विश्वकिरणांवर, म्हणजे अंतराळातल्या त्या कणांवर, खापर फोडणं सोपं. नाचता येईना, अंगण वाकडं.

कण असोत की प्रोग्रॅम, रीस्टार्ट झाल्याने मोहीम बुडत नसते. यानं रीस्टार्ट होतात, सेफ मोडमध्ये जातात, जमिनीवरचे लोक रात्र जागवून त्यांना ताळ्यावर आणतात. फोबोस-ग्रुंटला ताळ्यावर आणायला रस्ताच ठेवला नव्हता. आयोगाच्या निष्कर्षातलं कणांचं प्रकरण गाजलं, ही बाजू मागे पडली.

पुढचे परिणाम रशियाबाहेरच जास्त झाले. चीनने 17 नोव्हेंबरलाच यिंगहुओ गेल्याचं मान्य केलं होतं. त्यानंतर त्यांनी मंगळासाठी कुणाच्या गाडीत बसायचं नाही असंच ठरवलं असावं. 2020 मध्ये त्यांचं तिआनवेन-1 त्यांच्याच रॉकेटवर गेलं आणि मे 2021 मध्ये झुरोंग रोव्हर मंगळावर उतरला.

आणि आपलं लँडर. तेही लावोच्किनकडेच होतं, आणि फोबोस-ग्रुंटमधली काही तंत्रं त्यातही वापरायची होती. अपघातानंतर रशियाने सगळ्याची फेरतपासणी काढली. लँडर जड करावं लागेल, मग आपल्या रोव्हरचं वजन घटवावं लागेल, आणि 2015 सालही गाठता येईल की नाही सांगता येत नाही, असं होत गेलं. शेवटी इस्रोने लँडर स्वतः करायचं ठरवलं. त्याचं नाव विक्रम. सप्टेंबर 2019 मध्ये ते चंद्रावर आदळलं. त्याचा सविस्तर अहवाल आपल्याकडेही लोकांसमोर ठेवला गेला नाही, तेव्हा रशियाला नावं ठेवताना जरा जपूनच. पण 2023 मध्ये इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी कारणं उघडपणे मांडली: इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, आणि यानाला वेगाने वळून त्या निस्तरण्याची मुभा प्रोग्रॅममध्ये नव्हती. उतरण्याची जागाही 500 बाय 500 मीटर इतकी चिमुकली होती. चांद्रयान-3 साठी ती 4 बाय 2.4 किलोमीटर केली आणि आखणीचा प्रश्नच बदलला: काय काय बिघडू शकतं आणि तरीही उतरायचं कसं. 23 ऑगस्ट 2023 ला ते उतरलं.

त्याच्या चार दिवस आधी, 19 ऑगस्टला, लावोच्किननेच बांधलेलं लूना-25 चंद्रावर आदळलं होतं. इंजिन 84 सेकंद चालायचं होतं, ते 127 सेकंद चाललं. वेगातला बदल मोजणारं उपकरण चालूच झालं नव्हतं, त्यामुळे 'आता पुरे' हे संगणकाला कळलंच नाही. वेगवेगळ्या प्राधान्याच्या आज्ञा एकाच गठ्ठ्यात गेल्याने तसं झालं असावं, असं रॉसकॉसमॉसने सांगितलं. या वेळी विश्वकिरणांचं नाव कुणी काढलं नाही.

फोबोसची माती आणण्यासाठी रशियाने 'बूमेरांग' नावाने दुसरी मोहीम जाहीर केली होती. ती कागदावरच राहिली. सध्या त्या कामाची तयारी जपानची अंतराळसंस्था जाक्सा हिने चालवली आहे. त्यांच्या एमएमएक्स मोहिमेचं लक्ष्य आहे निदान 10 ग्रॅम माती.